मृत्यूच्या नोंदीतील आडवी रेघ : सोव्हिएत दमनातील बळी, त्यांची नावे आणि मानवी हक्क

सर्वंकष सत्तेच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच अटक, खटला, छावणी आणि वध या चार घटनांवर खिळते. परंतु वधाबरोबर राज्यसंस्थेचे काम संपत नाही. मारलेल्या माणसाची पत्नी कचेरीच्या खिडकीशी येऊन त्याची चौकशी करते. मुलाच्या अर्जात पित्याच्या नावापुढे काही तरी लिहावे लागते. वारसाहक्क, पुनर्विवाह, निवृत्तिवेतन अशा प्रत्येक व्यवहारात त्या माणसाविषयी विचारणा होते, आणि राज्यसंस्थेला काही ना काही उत्तर द्यावे लागते. हे उत्तर कोणत्या शब्दांत दिले गेले, ते वेळोवेळी कसे बदलले, आणि खरे उत्तर मिळविण्यासाठी पुढे कोणाला काय किंमत द्यावी लागली, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. त्यासाठी सोव्हिएत संघातील १९३७-३८ च्या महादहशतीचे उदाहरण घेतले आहे.

या निवडीस दोन कारणे आहेत. एक म्हणजे, नातलगांना द्यावयाच्या खोट्या उत्तरांचे नियम तेथे सरकारी लेखांत नमूद झालेले असून ते आज उपलब्ध आहेत. त्यामुळे असत्याचा इतिहासही कागदपत्रांच्या आधारे लिहिता येतो. दुसरे असे की, मृतांची खरी नोंद परत मिळविणे आणि हयात माणसांच्या हक्कांचे रक्षण करणे ही कामे तेथे पुष्कळदा त्याच व्यक्तींनी, त्याच पद्धतीने केली. स्मरण आणि हक्करक्षण यांचा संबंध केवळ भावनेचा आहे की त्याहून निकटचा आहे, या प्रश्नाचे उत्तर या उदाहरणात सापडण्याजोगे आहे.

१. श्रेणी आणि मर्यादा

३० जुलै १९३७ रोजी अंतर्गत व्यवहार खात्याचा, म्हणजे एनकेव्हीडीचा, प्रमुख निकोलाय येझोव्ह याने आदेश क्रमांक ००४४७ वर स्वाक्षरी केली. माजी कुलक, गुन्हेगार आणि 'इतर सोव्हिएतविरोधी घटक' यांचा बंदोबस्त हा त्याचा विषय होता. आदेशाने या लोकांच्या दोन श्रेणी पाडल्या. पहिल्या श्रेणीतील लोकांना गोळी घालावयाची होती. दुसऱ्या श्रेणीतील लोकांना आठ ते दहा वर्षांसाठी छावणीत वा तुरुंगात धाडावयाचे होते. प्रत्येक प्रांताला दोन्ही श्रेणींचे आकडे ठरवून देण्यात आले. आरंभीच्या वाटपात पहिल्या श्रेणीत सुमारे ७६ हजार आणि दुसऱ्या श्रेणीत सुमारे १ लक्ष ९३ हजार माणसे धरलेली होती. निर्णय देण्यासाठी प्रत्येक प्रांतात तिघांचे मंडळ, म्हणजे 'त्रोइका', नेमले गेले. आरोपीला त्यापुढे हजर करण्याची आवश्यकता नव्हती.

येथे एक भाषिक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिली श्रेणी म्हणजे काय हे आदेशात स्पष्ट सांगितलेले आहे. एकदा ते सांगून झाल्यावर मात्र पुढील पत्रव्यवहाराला मृत्यू हा शब्द वापरण्याची गरज उरली नाही. प्रांताधिकारी तारेने 'पहिल्या श्रेणीची मर्यादा' वाढवून मागत आणि मॉस्कोहून ती वाढवून मिळे. 'मर्यादा' हा शब्द ज्याला आळा घालावयाचा त्याच्या संदर्भात योजला जातो. येथे तो पुरी करावयाच्या व शक्य तर ओलांडावयाच्या संख्येसाठी रूढ झाला. या कारवाईच्या जोडीला पोल, जर्मन आदी राष्ट्रीय गटांविरुद्धच्या स्वतंत्र मोहिमा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी मंडळाचे निकाल होतेच. १९५३ मध्ये खात्यानेच केलेल्या गणनेनुसार १९३७ व १९३८ या दोन वर्षांत राजकीय स्वरूपाच्या प्रकरणांत ६,८१,६९२ माणसांना देहान्ताची शिक्षा झाली.

ही संख्या उच्चारणे सोपे आहे. परंतु आकडा ही मूळ आदेशाचीच भाषा आहे, हे विसरता येत नाही. ज्या यंत्रणेने माणसांना आधी संख्या म्हणून वाटून दिले, त्या यंत्रणेच्या बळींचे स्मरण केवळ संख्येने केले, तर आदेशाची भाषाच पुढे चालू राहते. नावांचा आग्रह का धरला जातो, याचे पहिले कारण येथे आहे.

२. 'पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षे'

मत्वेय ब्रॉन्श्टाइन हे लेनिनग्राडमधील एक तरुण पदार्थविज्ञानवेत्ते. गुरुत्वाकर्षण आणि पुंजयामिकी यांची सांगड घालण्याचा प्रयत्न करणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत त्यांची गणना होते. मुलांसाठी त्यांनी लिहिलेली विज्ञानविषयक पुस्तकेही नावाजली गेली होती. ऑगस्ट १९३७ मध्ये त्यांना कीव्ह येथे अटक झाली. १८ फेब्रुवारी १९३८ रोजी लष्करी मंडळापुढे त्यांचे प्रकरण निघाले आणि त्याच दिवशी त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते. त्यांच्या पत्नी लिदिया चुकोव्हस्काया यांना जे उत्तर मिळाले ते असे : पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षे.

हे उत्तर त्यांनाच मिळाले असे नव्हे. १९३८ मध्ये ते सर्वत्र प्रचारात होते, आणि १९३९ च्या शरद ऋतूत त्याला नियमाचे रूप आले. गोळी घातलेल्या माणसाविषयी नातलगाने विचारणा केल्यास, त्याला पत्रव्यवहार व पार्सले यांचा हक्क नसलेल्या छावणीत दहा वर्षांची शिक्षा झाली आहे, असे तोंडी सांगावे, हा तो नियम. 'तोंडी' या शब्दाला येथे महत्त्व आहे. उत्तर कागदावर नसल्यामुळे ते पुरावा म्हणून कोठे दाखविता येत नव्हते आणि त्याविरुद्ध दादही मागता येत नव्हती.

या वाक्याची घडण पाहण्यासारखी आहे. त्यात मुदत आहे, म्हणून आशा आहे. दहा वर्षे हा काळ थोडा नव्हे, पण वाट पाहता येणार नाही इतका मोठाही नव्हे. त्यात शिक्षेची कठोरता आहे, म्हणून ते खरे वाटते. आणि मुख्य म्हणजे, आपली पडताळणी होऊ नये याची तजवीज ते स्वतःच करते. पत्र का येत नाही, या शंकेचे निरसन वाक्यातच झालेले आहे. सामान्यतः असत्य विधानाला पुढे कधी तरी वस्तुस्थितीशी गाठ घ्यावी लागते. या विधानाने ती गाठ दहा वर्षे पुढे ढकलली. तोवर स्त्रिया वाट पाहात राहिल्या. कित्येकींनी या काळात पतीचे कपडे जपून ठेवले, कित्येकींना 'लोकशत्रूची पत्नी' म्हणून स्वतःच छावणीत जावे लागले.

चुकोव्हस्काया यांना १९३९ च्या अखेरीस कळून चुकले की पती हयात नाहीत. त्याच हिवाळ्यात त्यांनी 'सोफिया पेत्रोव्हना' ही कादंबरिका लिहून पुरी केली. मुलाला अटक झालेली एक साधी टंकलेखिका हळूहळू भ्रमिष्ट होत जाते, असे तिचे कथानक आहे. ज्या वर्षांविषयी लिहावयाचे त्याच वर्षांत लिहिली गेलेली ही दुर्मिळ कृती होय. तिचे हस्तलिखित घरात सापडणे हाच गुन्हा ठरला असता. ती १९६५ मध्ये पॅरिस येथे आणि लेखिकेच्या स्वतःच्या देशात १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली.

३. सुधारून वाढविलेले असत्य

दहा वर्षांची मुदत भरत आली तशी यंत्रणेपुढे अडचण उभी राहिली. १९४५ च्या शरद ऋतूपासून उत्तर बदलण्यात आले. अमुक इसम शिक्षा भोगत असताना मरण पावला, असे आता सांगण्यात येऊ लागले. हेही तोंडीच होते. स्टालिनच्या मृत्यूनंतर जुनी प्रकरणे पुन्हा तपासली जाऊन हजारो माणसे निर्दोष ठरू लागली. या प्रक्रियेला 'रिआबिलितात्सिया', म्हणजे पुनःप्रतिष्ठापना, हा शब्द रूढ झाला. निर्दोष ठरलेल्याच्या कुटुंबाला मृत्यूचा दाखला देणे आता टाळता येईना. तेव्हा केजीबीने २४ ऑगस्ट १९५५ रोजी एक गुप्त निर्देश काढला. त्यानुसार नातलगांना असे सांगावयाचे होते की, त्या माणसाला दहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि तो छावणीत मरण पावला. मृत्यूची तारीख अटकेपासून दहा वर्षांच्या आतील, कोणतीही, ठरवावी; कारणही ठरवावे; आणि आवश्यक तेथे नागरी नोंदणी कार्यालयात तशी नोंद करून दाखला द्यावा.

म्हणजे ज्या काळाला सामान्यतः सौम्यतेचा काळ म्हटले जाते, त्याच काळात असत्य तोंडी होते ते लेखी झाले. त्याला शिक्का आला, अनुक्रमांक आला. निमोनिया, हृदयविकार अशी कारणे नोंदवहीत उतरली. इझाक बाबेल या कथालेखकाला २७ जानेवारी १९४० रोजी गोळी घालण्यात आली. त्याच्या मृत्यूची अधिकृत तारीख मात्र १७ मार्च १९४१ अशी दिली गेली. नाट्यदिग्दर्शक मेयरहोल्ड यांना २ फेब्रुवारी १९४० रोजी गोळी घालण्यात आली. संदर्भग्रंथांत अनेक वर्षे १७ मार्च १९४२ ही तारीख छापली जात होती. दोन भिन्न माणसांच्या बनावट मृत्युतिथीत दिवस व महिना एकच असावा, हे साम्य नोंदण्यासारखे आहे. असत्य रचणाऱ्यालाही कल्पनाशक्तीची काटकसर करावी लागते.

या पद्धतीचा इतिहासलेखनावर झालेला परिणाम अधिक गंभीर आहे. १९३७ मध्ये पकडलेल्या माणसाच्या मृत्यूची तारीख दहा वर्षांच्या आत कोठेही टाकावयाची, म्हणजे ती स्वाभाविकच युद्धकाळात जाऊन पडण्याची शक्यता फार. युद्धात सारा देशच मरणाच्या छायेत होता. त्या मृत्यूंत हे मृत्यू मिसळून गेले. १९३७ व १९३८ या दोन वर्षांत एका विशिष्ट निर्णयाने लाखो माणसे मेली, ही घटना कौटुंबिक स्मृतीतून आणि नोंदवह्यांतून अशा रीतीने पांगवली गेली. प्रत्येक कुटुंबापाशी एक वेगळे, खासगी दुर्दैव उरले. सर्वांची मिळून एक घटना उरली नाही.

१९६३ च्या आरंभी नियम पुन्हा बदलला. आता मृत्यूची खरी तारीख देण्याची मुभा मिळाली, परंतु कारणाच्या रकान्यात काहीच न लिहिता आडवी रेघ ओढावयाची होती. गोळी घातली हे शब्द दाखल्यावर लिहिण्याचा मार्ग १९८९ मध्ये मोकळा झाला. कोऱ्या रकान्यातील अशा रेघेला रशियन भाषेत 'प्रोचेर्क' म्हणतात. चुकोव्हस्काया यांनी पतीविषयी लिहिलेल्या व त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या ग्रंथाचे नाव हेच आहे. पतीच्या मृत्यूच्या दाखल्यावर माहितीच्या जागी जी रेघ होती, तिच्यावरून त्यांनी ते घेतले.

हा प्रकार एकाच राजवटीपुरता मर्यादित नव्हता. नाझी जर्मनीत जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात 'टी-४' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोहिमेत सत्तर हजारांहून अधिक मनोरुग्ण व अपंग व्यक्ती वायुकोठड्यांत मारल्या गेल्या. त्यांच्या घरी सांत्वनाची पत्रे धाडली जात. त्यांतील मृत्यूचे कारण बनावट असे, तारीखही पुष्कळदा बनावट असे, आणि दाखले देण्यासाठी त्या संस्थांतच खास नोंदणी कार्यालये उघडलेली होती. आंत्रपुच्छ पूर्वीच काढून टाकलेला रुग्ण आंत्रपुच्छाच्या दाहाने मरण पावला, असे पत्र एखाद्या घरी येई आणि तेथून संशयाला आरंभ होई. दोन राजवटींची तत्त्वज्ञाने, उद्दिष्टे आणि बळींची निवड यांत मोठे भेद आहेत. ते पुसून टाकणे इतिहासाला मान्य होणार नाही. नोंदवहीशी असलेले त्यांचे वर्तन मात्र एकाच जातीचे आहे. दोघींनाही मारण्याइतकीच मारल्याची खूण नाहीशी करण्याची निकड होती.

४. नोंद परत मिळविणे

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना या इतिहासात परिचित नावे भेटतात. निकोलाय दुर्नोव्हो हे रशियन बोलीभाषांचे थोर संशोधक. १९३३-३४ मध्ये रचण्यात आलेल्या 'स्लाव्हविद्यातज्ज्ञांच्या प्रकरणात' त्यांना गोवण्यात आले. त्रुबेत्स्कोय आणि याकोब्सन या परदेशस्थ विद्वानांशी असलेला संबंध हा त्या प्रकरणात कटाचा पुरावा मानला गेला. ध्वनिविचाराच्या अभ्यासात ज्यांची नावे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात, त्यांच्याशी झालेली विद्याविषयक देवघेव एका माणसाच्या जिवावर बेतली. येव्गेनी पोलिवानोव्ह यांनी १९२९ मध्ये मार यांच्या तथाकथित नव्या भाषासिद्धांताला जाहीर विरोध केला. त्यानंतर त्यांना मॉस्को सोडून मध्य आशियात जावे लागले. १९३७ मध्ये तेथे त्यांना अटक झाली आणि जपानचे हेर ठरवून २५ जानेवारी १९३८ रोजी गोळी घालण्यात आली. १९६३ मध्ये ते निर्दोष ठरले आणि १९६८ मध्ये त्यांच्या भाषाशास्त्रीय लेखांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

भारताशी संबंधित नावेही या यादीत आहेत. बंगालीचे अध्यापक आणि रवींद्रनाथांचे अनुवादक मिखाईल तुब्यान्स्की यांना नोव्हेंबर १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. सरोजिनी नायडू यांचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हे लेनिनग्राड येथे विज्ञान अकादमीच्या मानववंशशास्त्र संस्थेत काम करीत होते. १९३७ च्या जुलैत त्यांना अटक झाली आणि २ सप्टेंबर रोजी त्यांचा वध झाला. अबनी मुखर्जी त्याच वर्षी आणि गुलाम अंबिया खान लुहानी पुढच्या वर्षी मारले गेले. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२१ मध्ये चट्टोपाध्यायांच्याच गटातून मॉस्कोला गेले होते. ते तेथे राहिले नाहीत. पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली आणि १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले. चट्टोपाध्यायांच्या अखेरीविषयी मात्र भारतात दीर्घकाळ तर्कच चालत राहिले. दमनाला बळी पडलेल्या प्राच्यविद्यातज्ज्ञांचा चरित्रकोश महाभारताचे रशियन अभ्यासक यारोस्लाव्ह वासिल्कोव्ह आणि मरीना सोरोकिना यांनी २००३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे प्रसिद्ध केला. संहितेतील प्रक्षिप्त भाग ओळखण्याची शिस्त ज्याने अंगी बाणवली आहे, अशा विद्वानाने बनावट मृत्युतिथी काढून टाकून खऱ्या तिथी बसविण्याच्या कामास हात घालावा, हे उचितच झाले.

दुर्नोव्हो यांची नोंद कशी परत मिळाली, ते पाहण्यासारखे आहे. श्वेतसमुद्रातील सोलोव्हेत्स्की बेटांवरील तुरुंगातून १९३७ च्या शरदात मोठ्या संख्येने कैदी हलविले गेले आणि त्यानंतर त्यांचा ठावठिकाणा लागला नाही. त्यांना पडावात घालून समुद्रात बुडविले, अशी वदंता अनेक वर्षे टिकून होती. पुढे दफ्तरांतून वधाच्या याद्या व ते काम करणारा अधिकारी मत्वेयेव्ह याची चौकशीतील जबानी हाती आली. त्यांच्या आधारे 'मेमोरियल' या संस्थेचे व्हेन्यामिन योफे व इरीना फ्लिगे आणि कारेलियातील संशोधक यूरी दिमित्रियेव्ह यांनी शोध घेतला. १ जुलै १९९७ रोजी मेद्वेझ्येगोर्स्कजवळच्या जंगलात, सांदारमोख येथे, सामूहिक दफनाचे खड्डे सापडले. २७ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर १९३७ या दरम्यान सोलोव्हेत्स्कीचे १,१११ कैदी तेथे मारले गेले होते. दुर्नोव्हो २७ ऑक्टोबरच्या तुकडीत होते. त्या ठिकाणी मारल्या गेलेल्या सहा हजारांहून अधिक माणसांची नावे पुढे दिमित्रियेव्ह यांनी जुळविली.

या कामात एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. वध करणारी यंत्रणा आपल्याच माणसांनाही गिळत होती. येझोव्ह स्वतः फेब्रुवारी १९४० मध्ये गोळीस बळी पडला. मॉस्कोनजीकच्या कोम्मुनार्का येथील दफनभूमीत २०१८ मध्ये सहा हजारांहून अधिक नावांची भिंत उभारली गेली, तेव्हा तिच्यावर दमनयंत्रणेतील अधिकाऱ्यांचीही नावे आहेत म्हणून वाद झाला. ज्याने शेकडोंना मारले त्याचे नाव त्याच्या बळींशेजारी असावे काय? स्मारक हा गौरव असेल तर उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल. परंतु ती प्रथम नोंद असेल, तर येथे कोण पुरले आहे एवढेच सांगणे तिचे काम ठरते. त्यांतील प्रत्येकाने काय केले, हे सांगणे इतिहासकाराचे काम आहे आणि तो ते स्वतंत्रपणे करू शकतो. नावे गाळण्याचा अधिकार एकदा मान्य केला की, तो कोणाच्या हाती जाईल याची शाश्वती राहात नाही.

५. मृतांच्या नोंदीपासून हयातांच्या हक्कांपर्यंत

१० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा संमत झाला. ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, विरोधी कोणी नव्हते, आणि सोव्हिएत संघासह आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. पहिल्या कलमातील 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारी मूळ इंग्रजी शब्दयोजना बदलून तेथे 'सर्व मानव' असा निःसंदिग्ध शब्द बसविण्याचे श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना दिले जाते. हक्कांच्या बाबतीत एका शब्दाची निवडही किरकोळ नसते, याचे हे उदाहरण होय.

त्या जाहीरनाम्याच्या १९ व्या कलमाचा मजकूर पुढे सोव्हिएत संघातच एका टंकलिखित नियतकालिकाच्या पहिल्या पानावर येऊ लागला. ३० एप्रिल १९६८ रोजी सुरू झालेला 'चालू घटनांचा वृत्तान्त' हाच तो. नताल्या गोर्बानेव्हस्काया या त्याच्या पहिल्या संपादिका. कार्बन कागदावर प्रती काढीत हातोहात पसरणाऱ्या या वृत्तान्ताचे सुमारे पंधरा वर्षांत ६३ अंक निघाले. त्याची भाषा मुद्दाम कोरडी ठेवलेली होती. कोणाला, कोठे, कोणत्या तारखेस अटक झाली. कोणते कलम लावले. किती वर्षांची शिक्षा झाली. तो कोणत्या छावणीत आहे. एवढेच त्यात असे. विशेषणे नसत, निषेध नसे. आधीच्या अंकातील चूक आढळल्यास पुढील अंकात दुरुस्ती छापली जाई. माहिती ज्याच्याकडून अंक मिळाला त्याच्याच हाती परत द्यावी, साखळीतील पुढच्या माणसाचा शोध घेऊ नये, अशी वाचकांना सूचना होती.

या कोरडेपणाचे मर्म आधीच्या विवेचनावरून लक्षात येईल. १९३८ मधील कुटुंबांना जे मिळाले नाही ते हेच होते : नाव, तारीख, ठिकाण, कारण. तीस वर्षांनी का होईना, हे चार रकाने भरण्याचे काम नागरिकांनी आपल्या हाती घेतले, आणि तेही माणूस जिवंत असताना. ज्याची नोंद झाली आहे त्याला निःशब्दपणे नाहीसे करणे कठीण जाते. चुकोव्हस्काया यांनीही १९६६ मध्ये सिन्याव्हस्की आणि दानियेल या लेखकांच्या बाजूने शोलोखोव्ह यांना जाहीर पत्र लिहिले, आणि १९७४ मध्ये लेखकसंघातून त्यांची हकालपट्टी झाली. पतीच्या दाखल्यावरील रेघ आणि हयात लेखकांवरील खटला या त्यांच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या.

१९८९ च्या जानेवारीत 'मेमोरियल' संस्थेची रीतसर स्थापना झाली आणि आंद्रेई साखारोव्ह तिचे सन्माननीय अध्यक्ष झाले. तिने गोळा केलेल्या माहितीसंग्रहात पुढे तीस लाखांहून अधिक बळींची नावे जमा झाली. जुन्या बळींच्या शोधाबरोबर चेचन्यातील युद्धातील अत्याचार नोंदविण्याचे कामही याच संस्थेने केले. २००७ पासून प्रतिवर्षी २९ ऑक्टोबरला मॉस्कोत लुब्यांका चौकातील सोलोव्हेत्स्की शिळेपाशी नागरिक रांगेने उभे राहात आणि प्रत्येक जण काही बळींचे नाव, वय, व्यवसाय आणि वधाची तारीख वाचून दाखवीत असे. सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत वाचन चाले, तरी यादी संपत नसे. २०२० पासून तेथील हे जाहीर वाचन होऊ दिले गेले नाही.

२८ डिसेंबर २०२१ रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरराष्ट्रीय 'मेमोरियल' विसर्जित करण्याचा आदेश दिला. आपल्या प्रकाशनांवर 'परकीय हस्तक' हा शिक्का संस्थेने नियमाप्रमाणे छापला नाही, हे त्याचे कायदेशीर कारण होते. नावे परत देणाऱ्या संस्थेला एक नाव स्वतःला न लावल्याबद्दल संपविण्यात आले. आदल्याच दिवशी दिमित्रियेव्ह यांची शिक्षा वाढवून पंधरा वर्षे करण्यात आली होती. २०१६ मध्ये अटक झालेल्या या संशोधकावर बाल-अत्याचारविषयक आरोप ठेवण्यात आले. २०१८ मध्ये मुख्य आरोपातून झालेली त्यांची सुटका वरिष्ठ न्यायालयाने रद्द केली. 'मेमोरियल'ने त्यांना राजकीय बंदी मानले. दरम्यान २०१८ व २०१९ मध्ये लष्करी इतिहासाच्या एका सरकारपुरस्कृत संस्थेने सांदारमोख येथे उत्खनन केले आणि तेथील काही मृत हे फिन्निश सैन्याने मारलेले युद्धकैदी असावेत असे मत पुढे मांडले. म्हणजे मृतांच्या कारणाचा रकाना पुन्हा बदलण्याचा तो उद्योग होता. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी 'मेमोरियल'ला शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, ते बेलारूसचे आलेस ब्यालात्स्की आणि युक्रेनमधील नागरी स्वातंत्र्य केंद्र यांच्यासमवेत. त्याच दिवशी मॉस्कोतील न्यायालयाने संस्थेची इमारत सरकारजमा करण्याचा निर्णय दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉस्कोतील गुलाग-इतिहास संग्रहालयाला अग्निसुरक्षेच्या कारणावरून टाळे लागले.

या घटनांवरून एक गोष्ट निर्विवादपणे दिसते. ऐंशी वर्षांपूर्वीच्या मृतांची खरी नोंद ही केवळ भूतकाळाची बाब असती, तर ती करणाऱ्यांना आज शिक्षा करण्याचे कोणाला काही कारण पडले नसते. जुना निर्णय बेकायदा होता असे लेखी मान्य झाले की, तसाच निर्णय आज घेणाऱ्यालाही उद्या जाब द्यावा लागेल, हे ओघानेच येते. सत्तेला भूतकाळाची नव्हे, या ओघाची भीती वाटते.

२० डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सक्तीने नाहीसे करण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संमत केला. त्याच्या २४ व्या कलमाने नाहीशा झालेल्या व्यक्तीचे काय झाले याविषयीचे सत्य जाणून घेण्याचा पीडितांचा हक्क मान्य केला आहे, आणि 'पीडित' या संज्ञेत नातलगांचाही समावेश होईल अशी तिची व्याख्या केली आहे. १९३८ मध्ये लेनिनग्राडच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या स्त्रीची मागणी याहून वेगळी नव्हती. भारताने ६ फेब्रुवारी २००७ रोजी या करारावर स्वाक्षरी केली, मात्र त्याला अनुसमर्थन दिलेले नाही.

तात्पर्य, सर्वंकष सत्तेच्या बळींचे स्मरण म्हणजे मुख्यतः एक चुकीची नोंद दुरुस्त करणे होय, आणि मानवी हक्कांचे रक्षण म्हणजे पुष्कळ अंशी तशी चुकीची नोंद मुळात होऊ न देणे होय. दोन्हींना लागणारी साधने विद्यापीठातील अभ्यासकाला अपरिचित नाहीत. मूळ कागद पाहणे, पाठभेद ताडून पाहणे, तारीख पक्की करणे, नाव शुद्ध लिहिणे आणि सौम्य शब्दाआड काय दडले आहे ते विचारणे, ही ती साधने. दुर्नोव्हो यांनी बोलीभाषांच्या नोंदी ज्या काळजीने केल्या, त्याच काळजीने त्यांच्या स्वतःच्या अंताची नोंद कोणी तरी करणे आवश्यक होते. ती साठ वर्षांनी झाली. ती करणाऱ्या तिघांपैकी एकाला पुढे त्याच देशाच्या तुरुंगात जावे लागले.